'सारखा' आणि 'हागे'

सीमाभागातल्या मुलाला उपमा अलंकार दोनदा शिकावा लागतो. एकदा मराठीच्या तासाला, एकदा कन्नडच्या. 'आईचा हात सायीसारखा मऊ.' यात हात हे उपमेय, साय हे उपमान, मऊपणा हा साधारण धर्म आणि 'सारखा' हा साधर्म्यवाचक शब्द. कन्नडात 'सारखा'च्या जागी 'हागे' येते, एवढेच. 'आईचा हात म्हणजे सायच' असे म्हटले की दोन्हीकडे ते रूपक. नावेसुद्धा तीच. असे का, हे मात्र वर्गात सहसा कोणी सांगत नाही.

याचे उत्तर शोधायला मळखेडला जावे. कलबुर्गी जिल्ह्यातले, कागिणा नदीकाठचे हे गाव म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथे अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारात इ. स. ८५०च्या सुमारास 'कविराजमार्ग' रचला गेला. उपलब्ध कन्नड ग्रंथांतला हा सर्वांत जुना. कर्ता श्रीविजय, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कावेरीपासून गोदावरीपर्यंत कन्नड देश, हे त्यातले विधान आपल्याकडच्या वादांत इतक्यांदा ऐकू येते, की तो भूमापनाचाच ग्रंथ वाटावा! प्रत्यक्षात तो अलंकारशास्त्राचा आहे. पहिल्या परिच्छेदात काव्यदोष, दुसऱ्यात शब्दालंकार, तिसऱ्यात अर्थालंकार. आधार दण्डीच्या संस्कृत 'काव्यादर्शा'चा. आणि याच दण्डीने प्राकृतांमध्ये महाराष्ट्राच्या प्राकृताला श्रेष्ठ ठरवले आहे.

दोन भाषांची वाट वेगळी होते ती शब्दालंकारांत. जुन्या कन्नड काव्यात प्रास साधतो तो प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षरावर. आपल्या ग्रंथातल्या ओवीत मात्र पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळते आणि चौथा चरण मोकळा राहतो. कानाला लागलेली ही सवय सहजी भाषांतरित होत नाही. उपमेचे तसे नाही. तिला अर्थ पुरतो. शके १२१२त, म्हणजे १२९० साली, गोदावरीच्या खोऱ्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. उपमा-रूपकांनी ती ओथंबलेली आहे. ती दृष्टान्तमाला कन्नड वाचकाला समजावून द्यायला वेगळे व्याकरण लागत नाही.

'कविराजमार्ग' छापून लोकांपुढे आला तो १८९८ साली, बंगळुरात. संपादक होते काशिनाथ बापूजी पाठक, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे पंडित.