आर्सेनिकचे पेशींवरील परिणाम

सोमल म्हणून लोकांना ठाऊक असलेले आर्सेनिक ट्रायऑक्साइड व भूजलात विरघळलेली आर्सेनिकची इतर असेंद्रिय संयुगे पेशीला प्रत्येक वेळी मारतातच असे नाही. मोठ्या मात्रेत पेशी मरते. थोडी मात्रा वर्षानुवर्षे पोटात जात राहिली, तर मरायला हवी अशी पेशीही जगते आणि वाढते. यातला दुसरा परिणाम अधिक घातक, कारण तो उशिरा लक्षात येतो.

भूजलात आर्सेनिक मुख्यतः दोन रूपांत असते. आर्सेनेटची रचना फॉस्फेटसारखी असल्यामुळे ते पेशीत सहज शिरते व पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या निर्मितीत फॉस्फेटची जागा घेते. बनलेले संयुग क्षणात विघटित होते आणि ऊर्जा वाया जाते. आर्सेनाइट अधिक विषारी. ते प्रथिनांतील गंधकयुक्त थायॉल गटांना चिकटून पायरुव्हेट डिहायड्रोजनेजसारखी विकरे बंद पाडते. या बिघाडामुळे तंतुकणिकांतून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडले की कॅस्पेज विकरे जागी होतात, पेशी आक्रसते, केंद्रकाचे तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते अवशेष गिळून टाकतात. या नियोजित मृत्यूला केर, वायली व करी या संशोधकांनी १९७२ मध्ये ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिले. मात्रा फारच मोठी असेल तर त्यासाठी लागणारी ऊर्जाही उरत नाही. पेशी फुगून फुटते व भोवती दाह होतो.

अल्प मात्रेत त्वचेच्या पेशी वाढीचे संदेश देणारी द्रव्ये जास्त स्रवतात. त्याच वेळी डीएनएच्या दुरुस्तीत भाग घेणाऱ्या पार्प-१ या प्रथिनातील जस्ताची जागा आर्सेनिक बळकावते. बिघाड तसाच राहतो आणि विभाजन चालूच राहते. तळहात-तळपायांची कातडी जाड होऊन तिच्यावर कणीदार गाठी उठतात, छाती-पाठीवर थेंबाथेंबांचे डाग पडतात. पुढे त्वचा, फुप्फुस किंवा मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये अशा रुग्णांच्या आजाराचा संबंध कूपनलिकांच्या पाण्याशी जोडला. बांगलादेशात तर या कूपनलिका तळ्यांच्या पाण्यातून होणारे पटकी-हगवणीसारखे रोग टाळण्यासाठीच खोदल्या होत्या. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील असंख्य विहिरी ती कितीतरी पटींनी ओलांडतात.

आर्सेनिकच्या पेशी मारण्याच्या गुणाचा वैद्यकाने उपयोगही करून घेतला. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात १५ व १७ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून पीएमएल-आरएआरए हे सदोष प्रथिन बनते व श्वेतपेशी अर्धवट अवस्थेतच अडकतात. आर्सेनिक ट्रायऑक्साइड या प्रथिनाच्या पीएमएल भागाला चिकटून त्याचा नाश घडवते. ०.१ ते ०.५ मायक्रोमोलर संहतीत या पेशी काही प्रमाणात पक्व होतात, त्याहून अधिक संहतीत अपोप्टोसिसने मरतात. चीनमधील हार्बिन येथे १९७० च्या दशकात हा उपचार सुरू झाला. अमेरिकेने औषधाला २००० मध्ये मान्यता दिली. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असल्याने उपचारकाळात वरचेवर ईसीजी काढावा लागतो. कमी जोखमीच्या रुग्णांत रेटिनॉइक आम्लाच्या जोडीने दिलेल्या या औषधामुळे पारंपरिक केमोथेरपीची गरज बहुतांशी उरलेली नाही.