मावळातील प्राथमिक शिक्षक : नोकरी, बढती आणि शेजारच्या वर्गातला सहकारी

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक म्हणून रुजू होणाऱ्याला अनेकदा दोनशिक्षकी शाळा मिळते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळातल्या वाड्यावस्त्यांवर पट त्याहून बराच कमी असू शकतो. म्हणजे सहकारी म्हणून जे काही असते, ते एकच माणूस. नव्या शिक्षकाची पहिली काही वर्षे कशी जातील, हे बऱ्याच अंशी त्या माणसावर ठरते.

लोणावळ्याचे गणित वेगळे आहे. लोणावळा नगरपरिषदेच्या शाळा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येत नाहीत. तिथले शिक्षक नगरपरिषदेचे कर्मचारी असतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली भोर, वेल्हे किंवा जुन्नरलाही होऊ शकते, नगरपरिषदेचा शिक्षक मात्र साधारणपणे शहराच्या हद्दीतच राहतो. तळेगाव दाभाडे नगरपरिषदेच्या शाळांचेही तसेच. भरतीच्या वेळी पसंतीक्रम भरताना हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.

नोकरीपर्यंतची वाट

डी.एड. किंवा डी.एल.एड. ही पदविका, शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी आणि त्यानंतर अभियोग्यता चाचणी म्हणजे टेट, असा क्रम आहे. टीईटीत १५० पैकी ६० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. टेट २०० गुणांची असून तिच्यात पास-नापास नसते. तिच्या गुणांवर ‘पवित्र’ पोर्टलमधून निवड होते. अडचण अशी, की टेट दरवर्षी होत नाही. २०१७, २०२३ आणि २०२५ अशा मोठ्या अंतराने ती झाली. निवड झाल्यावर तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून काढावी लागतात. या काळातले मानधन २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये आहे. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी मिळते.

पिंपरी-चिंचवड किंवा तळेगावात भाड्याने राहून लोकलने कामशेत-मळवली गाठायचे आणि पुढे दुचाकीने वाडी, एवढ्या खर्चात १६,००० रुपये पुरवणे सोपे नाही. त्यात घाटमाथ्याचा पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याला पाणी आले की वस्तीचा रस्ताच बंद होतो. अशा दिवसांत कोणाच्या गाडीवर कोण जाणार, शाळेची किल्ली कोणाकडे, पोषण आहाराचा तांदूळ कोरडा कसा ठेवायचा, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. ते जुना सहकारी सांगतो.

दोन वर्ग एका वेळी

दोन शिक्षकांत पाच इयत्ता वाटून घ्यायच्या, तर प्रत्येकाकडे एका वेळी दोन-तीन वर्ग येतात. पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवायला लावून तिसरीला वजाबाकी शिकवायची, तेवढ्यात पहिलीतला एखादा रडत येणार. अशा वर्गात वेळेची आखणी पुस्तकातून जमत नाही, कोणाचा तरी वर्ग पाहावा लागतो. मावळात कातकरी आणि ठाकर मुलांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकातल्या मराठीपासून दूर असते. त्यांचे दहा-वीस शब्द माहीत असलेला शिक्षक शेजारी असेल, तर नव्या माणसाचे कितीतरी महिने वाचतात. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले कधी गळतात आणि कधी परततात, हेही त्यालाच ठाऊक असते.

कागदपत्रांचा भारही कमी नाही. यू-डायसची माहिती, पोषण आहाराची नोंदवही, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त यात नवा शिक्षक बुडून जातो. इथे मदतीचे दोन प्रकार दिसतात. एक सहकारी म्हणतो, ‘आण इकडे, मी करून टाकतो’. दुसरा शेजारी बसवून एकदा करून घेतो. पहिला प्रेमळ वाटतो, पण उपयोगी दुसरा. छोट्या शाळेत मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद नसते आणि पदभार ज्येष्ठ शिक्षकाकडे असतो. त्याची बदली झाली की तो भार अचानक दुसऱ्याच्या डोक्यावर येतो.

शाळेबाहेरचे सहकारी

एकच सहकारी असण्यातला धोका उघड आहे. तो कंटाळलेला असेल, तर कंटाळाच शिकायला मिळतो. यावर व्यवस्थेत एक उपाय आहे, तो म्हणजे केंद्र. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात जवळजवळच्या शाळांची केंद्रे करून त्यांवर केंद्रप्रमुख नेमण्याची पद्धत आली. केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिसरातले शिक्षक एकत्र बसतात. काही ठिकाणी ही परिषद परिपत्रके वाचण्यातच संपते. पण ती चांगली चालली तर काय घडते, हे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने दाखवले. तिथल्या शिक्षकांनी फरशीवर आखणी करून, खडे-काड्या वापरून वाचन-गणिताच्या पद्धती एकत्रितपणे घडवल्या आणि त्या पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले.

बढती आणि नवी मुदत

बढतीची शिडी आखूड आहे. १२ वर्षांनी प्रशिक्षण पूर्ण करून वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते. २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी सर्वांना मिळत नाही. पदवी असल्यास सहावी ते आठवीचे पदवीधर शिक्षक होता येते. पुढे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी. केंद्रप्रमुखाची निम्मी पदे पदोन्नतीने आणि निम्मी मर्यादित विभागीय परीक्षेने भरण्याचे धोरण २०२२ मध्ये ठरले. त्यामुळे केवळ सेवाज्येष्ठतेची वाट न पाहता अभ्यास करणाऱ्याला संधी आहे.

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणखी एक अभ्यास मागे लावला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे त्यात म्हटले आहे. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. वीस वर्षे वाडीवर शिकवलेल्या माणसाला आता बालमानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे आहेत. इथे मदतीची दिशा उलटते. नुकतीच टीईटी दिलेला शिक्षण सेवक ज्येष्ठाला प्रश्नपत्रिकेचे स्वरूप समजावू शकतो, आणि तो शिकवणी देत असताना त्याचे दोन वर्ग ज्येष्ठाने सांभाळले तर दोघांचेही काम होते.

जिल्ह्यांतर्गत बदल्यांचा नियम मात्र अशा जोड्या पाहत नाही. पती-पत्नी एकत्रीकरणाची तरतूद त्यात आहे, चांगल्या सहकाऱ्यांसाठी नाही. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेला शिक्षक बदली मागू शकतो आणि बहुतेक जण मागतात. म्हणून एका शिक्षकाची वर्गाची आखणी, मुलांच्या बोलीतले शब्द, कोणाचे पालक कधी भट्टीवर जातात याची टिपणे शाळेच्या कपाटात लिहून ठेवलेली असावीत. पुढचा माणूस बहुधा जूनमध्येच येतो, आणि तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो.