मामंजी, आत्याबाई आणि इरावतीबाई

भगिनींनो, स्मरणिकेसाठी पाककृती लिहा असा आग्रह झाला होता. पण मी यंदा मानववंशशास्त्रावर लिहीत आहे. नाव जड असले तरी विषय आपल्या घरातलाच आहे.

माणूस आधी दोन पायांवर चालू लागला. त्याचा मेंदू वाढला तो फार पुढे. टांझानियात लायटोली येथे १९७८ साली मेरी लीकी व त्यांच्या सहकाऱ्यांना ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावले सापडली. ती सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत. राखेत पाऊल उमटते, बोलणे उमटत नाही. मात्र कित्येक जुन्या रीती आपल्या बोलण्यात टिकून राहतात. हे ज्यांनी आपल्याला दाखवून दिले त्या इरावतीबाई कर्वे.

त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या नदीचेच नाव त्यांना मिळाले. शिक्षण पुण्यात. महर्षी कर्व्यांच्या त्या सूनबाई. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, आणि या फरकाचा वंशाशी संबंध असावा असे त्यांच्या गुरूंचे मत होते. इरावतीबाईंना मोजमापात तसे काही आढळले नाही, आणि त्यांनी तसेच लिहून दिले! परक्या देशात, गुरूंच्या मर्जीविरुद्ध. मला त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव हिंडून त्यांनी नात्यांची नावे आणि लग्नाच्या चाली जमवल्या. भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. त्यात भाषांचे प्रदेश धरून त्यांनी देशाच्या नातेव्यवस्थेचे भाग पाडले.

आता आपलेच शब्द पाहा. आपल्याकडे सून सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणे आणि पुष्कळ घरांत सासूला ‘आत्याबाई’. सासरा मामा कसा, सासू आत्या कशी? मराठी मुलखात अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करण्याची चाल होती. म्हणजे मुलगी आपल्या आत्याच्याच घरी सून होऊन जाई. सासू खरोखरीच आत्या, आणि तिचे यजमान ते मामा. तेलुगू व कानडीतही आत्या आणि सासू या दोघींना एकच शब्द चालतो. उत्तरेकडील हिंदूंत बहुधा अशी लग्ने होत नाहीत. तिथे मुलगी परक्या गावी, अनोळखी माणसांत जाते आणि सासरा तो ‘ससुर’च. आपण या दोहोंच्या मध्ये आहोत. म्हणून इरावतीबाईंनी महाराष्ट्र मधल्या विभागात घातला.

माहेरचेच माणूस सासरी असले तर मुलीला धीर येत असेल. पण आत्याही सासू झाली की सासूच होते, असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत! नात्यातल्या लग्नांत आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो असे डॉक्टर सांगतात, तेही खरे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जवळच्या नात्यातली लग्ने मना केली, पण जिथे तशी रूढी आहे तिथे मोकळीक ठेवली.

हल्ली पुष्कळ घरांत सुना सासू-सासऱ्यांना ‘आई-बाबा’ म्हणतात. आमच्या आळीत ‘मामंजी’ म्हणणारी एकच सून उरली आहे, आणि तिच्या सासऱ्यांचे तिच्या माहेराशी पूर्वीचे काहीच नाते नाही.