बोलिव्हिया

बोलिव्हिया (अधिकृत नाव : बोलिव्हियाचे बहुराष्ट्रीय राज्य) हा दक्षिण अमेरिका खंडाच्या मध्यभागातील एक भूपरिवेष्टित देश आहे. त्याच्या उत्तरेस व पूर्वेस ब्राझील, आग्नेयेस पेराग्वे, दक्षिणेस आर्जेन्टिना, नैर्ऋत्येस चिली आणि वायव्येस पेरू हे देश आहेत. क्षेत्रफळ १०,९८,५८१ चौ. किमी. स्पॅनिश सत्तेपासून ६ ऑगस्ट १८२५ रोजी स्वतंत्र झालेल्या या देशाला सिमोन बोलिव्हार या स्वातंत्र्यसेनानीचे नाव देण्यात आले.

भूरचना

बोलिव्हिया म्हणजे केवळ अँडीज पर्वत असा समज आढळतो. परंतु देशाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पूर्वेकडील सखल, उष्ण मैदानांचा आहे. तेथील बेनी, मामोरे इत्यादी नद्यांचे पाणी अखेरीस ॲमेझॉनला मिळते. पश्चिमेस अँडीजच्या दोन रांगांमध्ये आल्तिप्लानो हे विस्तीर्ण पठार आहे. त्याची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७५० मी. भरते. सर्वोच्च शिखर सहामा (६,५४२ मी.) पश्चिम रांगेत आहे. पठारावर हवा विरळ असते. सुमारे ३,६०० मी. उंचीवरील ला पाझ शहरात पाणी ८८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते.

आल्तिप्लानोवरील पाणी समुद्राला मिळत नाही. पेरूच्या सीमेवरील तितिकाका सरोवरातून (उंची ३,८१२ मी.) निघणारी देसाग्वादेरो नदी दक्षिणेस पोओपो सरोवरात जाते. पोओपो हे देशातील दुसऱ्या क्रमांकाचे सरोवर २०१५ च्या अखेरीस जवळजवळ पूर्ण कोरडे पडले. ते मुळातच उथळ होते. त्यातच वाढते तापमान, अवर्षण आणि शेती व खाणींसाठी वळवलेले पाणी ही कारणे एकत्र आली, आणि पिढ्यानपिढ्या मासेमारीवर जगणाऱ्या उरू समाजाचा व्यवसाय बुडाला. आणखी दक्षिणेस सालार दे उयुनी हे सुमारे १०,५०० चौ. किमी.चे मिठाचे मैदान पसरले आहे. हे जगातील सर्वांत मोठे मिठाचे मैदान असून त्याच्या कवचाखालील खाऱ्या पाण्यात लिथियमचा प्रचंड साठा आहे.

गमावलेला किनारा

स्वातंत्र्याच्या वेळी बोलिव्हियाकडे पॅसिफिक महासागराचा सुमारे ४०० किमी. लांबीचा किनारा होता. आताकामा वाळवंटातील या प्रदेशात नायट्रेट सापडले, त्याच्या करावरून वाद पेटला आणि १८७९ मध्ये चिलीने आंतोफागास्ता बंदर ताब्यात घेतले. पेरू बोलिव्हियाच्या बाजूने उतरूनही युद्ध हरले गेले. १९०४ च्या तहाने किनारा कायमचा चिलीकडे गेला. मोबदल्यात चिलीने आरिका ते ला पाझ लोहमार्ग बांधून दिला व मालवाहतुकीची मुभा दिली. तह झाला तरी सल गेला नाही. दरवर्षी २३ मार्चला ‘समुद्र दिन’ पाळला जातो, आणि किनारा नसूनही देशाचे नौदल आहे. ते तितिकाका सरोवरात व नद्यांमध्ये गस्त घालते. बोलिव्हियाने २०१३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. सागरी मार्गाबाबत वाटाघाटी करण्याचे कायदेशीर बंधन चिलीवर नाही, असा निर्णय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी १२ विरुद्ध ३ मतांनी दिला.

राजधानी

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत बहुधा ला पाझ हेच उत्तर छापलेले असते. राज्यघटनेनुसार मात्र राजधानी सुक्रे असून सर्वोच्च न्यायालय तेथे आहे. सरकार व संसद ला पाझ येथे आहेत. ही विभागणी १८९९ च्या यादवी युद्धानंतर रूढ झाली. लोकसंख्येने सर्वांत मोठे शहर पूर्वेकडील मैदानातील सांता क्रुझ हे आहे.

लोक व अर्थव्यवस्था

२००९ च्या राज्यघटनेने स्पॅनिशसह ३६ मूलनिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला. त्यांपैकी केचुआ व आयमारा या प्रमुख होत. चलन बोलिव्हियानो. पोतोसी येथील चांदीच्या डोंगरात १५४५ पासून खाणकाम सुरू झाले. स्पॅनिश साम्राज्याची तिजोरी त्या चांदीने भरली. खोदणारे होते सक्तीने राबवलेले मूलनिवासी. पुढे कथील आणि नंतर नैसर्गिक वायू ही प्रमुख निर्यात ठरली. पोतोसीच्या त्याच डोंगरात आजही खाणकाम चालते.