नोकरीतील भेदभाव : भारतातील कायदेशीर संरक्षण

लिंग, जात, धर्म, अपंगत्व, आजार अशा कामाशी संबंध नसलेल्या कारणावरून नोकरी नाकारणे, पगार कमी देणे, बढती अडवणे किंवा कामावरून काढणे म्हणजे नोकरीतील भेदभाव. या सगळ्यावर लागू पडेल असा एकच कायदा भारतात नाही. त्यामुळे दाद कुठे मागायची, हे मालक सरकार आहे की खासगी आणि भेदभावाचे कारण कोणते, यावर ठरते.

संविधानाच्या अनुच्छेद १४ व १६ मधील समान संधीची हमी शासनावर बंधनकारक आहे. महाराष्ट्र सरकारचा कर्मचारी तिच्या आधारे प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये जातो. खासगी कंपनीतल्या कामगाराला मात्र एखाद्या कायद्याचे नेमके कलम दाखवावे लागते.

समान वेतनाचा कायदा १९७६ चा. त्याची खरी कसोटी मुंबईत लागली. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ अशी पदे होती आणि त्यांवरच्या स्त्रियांना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार मिळे. १९७७ मध्ये नोकरी गेलेल्या एका स्टेनोग्राफर महिलेने कामगार खात्याकडे तक्रार केली. काम वेगळे आहे, युनियनशी करार झालेला आहे आणि एवढा पगार परवडत नाही, असा कंपनीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तो फेटाळला. पदाला निराळे नाव दिल्याने काम निराळे होत नाही आणि कायद्याने दिलेला हक्क करार करून काढून घेता येत नाही, हे त्यातून पक्के झाले. थकबाकीची रक्कम होती ७,१९६ रुपये ६७ पैसे. एवढ्यासाठी दहा वर्षे झगडावे लागले, हे या निकालाचे कौतुक करताना नजरेआड होऊ नये. हा कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

प्रसूती रजेवर असलेल्या स्त्रीला त्या रजेमुळे कामावरून काढणे बेकायदा आहे. हजेरीपटावरच्या रोजंदारी स्त्रियांनाही ही रजा मिळते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या खटल्यात दिला. लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी; त्याहून लहान जागी किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. अपंगांसाठी २०१६ चा आणि एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे.

जातीच्या बाबतीत मोठी पोकळी आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी आणणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते, पण त्यासाठी पोलिसांत जावे लागते. आडनाव पाहून मुलाखतीतच डावललेल्या उमेदवाराला खासगी कंपनीकडून भरपाई मिळवून देणारा सर्वसाधारण कायदा नाही, आणि तो नसणे अन्यायाचे आहे.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथाविरोधी कायद्यात गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकते माप देणे ही अनुचित प्रथा आहे. तिची तक्रार साधारणपणे ९० दिवसांत औद्योगिक न्यायालयात करावी लागते. तोंडी आश्वासनांवर विसंबून ही मुदत हुकते, म्हणून अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, हजेरीची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप घरी जपून ठेवावेत. कामावरून काढल्यावर ऑफिसातला संगणक उघडता येत नाही. पगाराची तक्रार असेल तर कामगार आयुक्त कार्यालय गाठावे. वकिलाची फी परवडत नसल्यास न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.