वाकळ, विणकाम आणि ‘फावला वेळ’



आपल्या महिला मंडळात हल्ली पुन्हा सुई-दोरा दिसू लागला आहे. कुणी नातवासाठी दुपटं शिवतंय, कुणी क्रोशाचं तोरण विणतंय, कुणी दोन सुयांवर टोपडं घातलंय. हात चालू असले की मन शांत राहतं, हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव. पण या कामांना आपण सहज ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणून टाकतो. तो शब्द कितपत खरा आहे, हे पाहायला आज थोडं मागे जाऊ या.

आधी वाकळ. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ, इतर ठिकाणी गोधडी, कानडी मुलखात कौदी, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंधमध्ये रिल्ली. संस्कृतात ‘कंथा’ म्हणजे चिंध्या जोडून केलेलं वस्त्र. नावं निरनिराळी, पण रीत एकच. धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी, धोतरं थरावर थर पसरायची आणि धावदोऱ्याने पक्की करायची. आपल्याकडे कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत येतात. थर सरकू नयेत म्हणून टाके जवळजवळ घालायचे आणि त्यातूनच नक्षी तयार व्हायची.

उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी समाज राहतो. त्यांच्या पूर्वजांपैकी बऱ्याच जणांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. तिथून निसटून ते जंगलात स्थिरावले. त्यांच्या बायका अशीच रंगीत ठिगळांची वाकळ शिवतात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. फुलं नसतील तर ती वाकळ उघडी मानतात. सगळं मागे सुटलेल्या माणसांनीही चिंध्यांच्या पांघरुणाला फुलाशिवाय पुरं मानलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी बंगाल आणि गुजरातमधून भरतकाम केलेल्या रजया जहाजाने युरोपात नेत. त्यातल्या काही आज लंडन, लिस्बनच्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. त्या काळच्या व्यापाऱ्यांची नावं कागदपत्रांत सापडतात. ज्यांनी ते टाके घातले त्यांची सापडत नाहीत.

आता विणकाम. सुयांवरचं विणकाम म्हटलं की आपल्याला लोकर आणि थंड देश आठवतात. पण आज मिळणाऱ्या सर्वांत जुन्या नमुन्यांत इजिप्तमधले सुती मोजे आहेत. निळ्या-पांढऱ्या धाग्याचे, सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे! त्याच इजिप्तमध्ये, जुन्या कैरोजवळच्या फुस्तात इथे, गुजरातची ठशांची सुती कापडंही सापडली आहेत. गुजरातच्या त्या व्यापारात आपल्या जैन श्रेष्ठींचा वाटा मोठा होता. सुती दोऱ्याने विणणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. अहिंसेच्या विचाराने रेशीम टाळून सूत घेणारीचा धागाही तितकाच जुन्या परंपरेचा आहे.

आपल्याकडे सुयांवरचं आणि क्रोशाचं विणकाम पसरलं ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, मिशनरी बायकांच्या शाळांमधून. आंध्रातल्या नरसापूरला स्कॉटिश मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या विणणाऱ्या बायकांवर १९८२ साली पुस्तक लिहिलं. बायका घरात बसून दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, घर त्यावर चालत होतं, आणि तरी त्यांना सगळे ‘गृहिणी’च म्हणत. त्यांचं काम फावल्या वेळचं समजलं गेलं, म्हणून मजुरी अगदी कमी. माल विकणारे पुरुष मात्र व्यापारी ठरले आणि श्रीमंत झाले. मी कॉमर्सची पदवीधर. नावं-जमा कशी लिहायची ते शिकले आहे. एका शब्दामुळे मजुरीचा आकडा कसा खाली येतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

महाराष्ट्रात हीच सुई वेगळ्या कामालाही आली. पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन, रमाबाई रानड्यांचं १९०९ सालचं पुण्याचं सेवासदन, अशा संस्थांमध्ये लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणकाम शिकवलं जाई. आपल्या समाजात मगनबेननी (१८७९–१९३०) मुंबईत श्राविकाश्रम चालवला. त्या दानवीर शेठ माणिकचंद यांच्या कन्या. लहान वयात वैधव्य आलं, तेव्हा त्या स्वतः शिकल्या आणि इतर निराधार श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं. त्या काळी विधवेच्या हाती चार पैसे स्वतःचे असणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना विचारायला हवं होतं.

धर्माच्या घरातही ही शिवण आहेच. श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, आपण शास्त्रं बाहेर काढतो, पुसतो, नवी वेष्टनं घालतो. ताडपत्रावरचे आणि कागदावरचे ग्रंथ शतकानुशतकं टिकले, त्यात कापडाच्या या वेष्टनांचाही वाटा आहे. आणि वाकळ म्हणजे तर अपरिग्रहाचा घरगुती पाठच. नवं आणायचं नाही, असलेलं शेवटच्या धाग्यापर्यंत वापरायचं.

आज दुकानात ब्लँकेट स्वस्त मिळतं. थंडीसाठी वाकळ शिवायची गरज राहिलेली नाही, म्हणून आपण ती निव्वळ आनंदासाठी शिवू शकतो. आपल्या पणज्यांना ही सोय नव्हती. तो आनंद अगदी मनसोक्त घ्यावा. पण कुणी कौतुकाने “मला एक करून द्या ना” म्हटलं, तर दोऱ्याच्या खर्चाबरोबर आपले तासही मोजून सांगावेत. भेट द्यायची तर आनंदाने द्यावी, मात्र ‘काही नाही हो, फावल्या वेळात केलं’ असं म्हणू नये.

आणखी एक करा. वाकळ पुरी झाली की मागच्या बाजूला, कोपऱ्यात, आपलं नाव आणि साल दोऱ्याने घाला. घरात सासूबाईंची, आईची जुनी वाकळ असेल तर तिच्यावरही त्यांचं नाव घाला. कुठलं लुगडं कुणाचं, हे सांगणारं कुणी घरात आहे तोवर विचारून वहीत लिहून ठेवा.