अकराच महिने का?

पनवेलमध्ये भाड्यानं राहणाऱ्या कुणालाही विचारा, करार किती महिन्यांचा? उत्तर येतं, अकरा. खारघर, कामोठे, कळंबोली, कुठेही जा, एजंटांना हा आकडा पाठ असतो. मी कारण विचारलं तेव्हा मला सांगितलं गेलं, "मग रजिस्ट्रेशन लागत नाही, नोटरी पुरते." महाराष्ट्रात हे २००० सालापासून खरं नाही.

आकडा जुना आहे. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८चा नोंदणी कायदा वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवायला लावतात. वर्षाच्या आत राहिलं की सुटका.

'लिव्ह अँड लायसन्स'ची गोष्ट मात्र मुंबईतली, आणि जास्त मजेची. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली, भाडेकरूला काढणंही अवघड केलं. मालकांनी पळवाट काढली: हा भाडेकरू नाहीच, याला फक्त राहायची परवानगी दिलीय! शब्द बदलला, माणूस आणि खोली तीच. सरकारनं १९७३मध्ये ही चलाखी मोडली. त्या वर्षी १ फेब्रुवारीला चालू परवान्यावर राहणारे थेट भाडेकरू ठरले. परवानगी देऊन बसलेल्या मालकांना केवढा धक्का बसला असेल! घर कुलूपबंद ठेवलेलं बरं, ही वृत्ती मला तिथूनच घट्ट झालेली दिसते.

१९९७च्या डिसेंबरात मालपे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेली भाडी आता अवाजवी झाल्याचं म्हटलं. मग १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २०००पासून लागू झाला.

त्यातलं कलम ५५ तुमच्या कामाचं. करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मुदत अकरा महिने असो की दोन. नोंदणीची जबाबदारी मालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. खरी मेख पुढे आहे: नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे हजार-दोन हजार वाचवणारा मालक घर खाली करून घेताना स्वतःच अडकतो.

पण भाडेकरूंनो, फार खूश होऊ नका. राहण्यासाठीच्या लायसन्सचा लेखी करार असेल, तर कलम २४ त्यातला मजकूर निर्णायक पुरावा मानतं. मुदत संपूनही राहिलात, तर सक्षम प्राधिकारी घर खाली करायला लावतो आणि तोवरची भरपाई ठरलेल्या रकमेच्या दुपटीनं द्यावी लागते.